शंभराच्या वरचे युनिट

त्याला सगळी गल्ली तोळामासा म्हणायची. तब्येतीने तो तसा मुळीच नव्हता; हाडापेराने मजबूत, चालायला लागला की जिना हलायचा. पण उभं आयुष्य वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेलं आणि स्वभावही काट्यासारखा झालेला. कुणी चहा पाजला की हा परत पाजल्याशिवाय झोपायचा नाही, आणि परत पाजताना कप तेवढाच भरलाय ना, हे वाकून बघायचा. लग्न केलं नाही. का, यावर गल्लीत बऱ्याच गोष्टी आहेत. त्यातली सगळ्यांत चविष्ट अशी, की मुलगी याला पसंत होती, तिलाही हा पसंत होता, पण तिच्या बापाचं किराणामालाचं दुकान होतं आणि याने पहिल्याच भेटीत दुकानातला काटा तपासून बघितला. खरंखोटं देव जाणे. पण ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ती गोष्ट खोटी वाटली नाही, यातच सगळं आलं.

पुढे आकडे दाखवणारे काटे आले. ते बिघडले की लोक दुरुस्त करत नाहीत, फेकतात. तोळामाशाचं दुकान बंद झालं, दुकानावरचा माळा ज्यावर तो राहायचा तोही गेला, आणि हा एक ट्रंक आणि पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन थोरल्या बहिणीच्या दारात उभा राहिला.

"महिनाभर राहतो, अक्का. तोवर जागा बघतो."

"बघ की," अक्का म्हणाली. "त्या खिडकीतून बघ, दिसते का एखादी."

खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. फक्त भिंत. अक्काच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर, आणि ती भिंत इतकी जवळ की दुपारी बारालाही घरात संध्याकाळ. अक्काला त्याचं काही नव्हतं, कारण तिच्या कामाला उजेड लागायचा तो खिडकीचा पुरलाच नसता. ती रफू करायची. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शाल कसरीने खाल्ली, की लोक तिच्याकडे यायचे. त्याच कापडाच्या दुमडीतले धागे काढून ती भोक असं भरायची की नंतर मालकानेच विचारावं, "अहो, होतं कुठे ते?" यजमान जाऊन वर्षं झालेली, मुलगी परगावी सुखात. खुर्ची, टेबल, टेबलावर मान वाकवलेला दिवा आणि दिव्याखाली मान वाकवलेली अक्का. दोघांची उठबस एकदमच व्हायची.

भाऊ आला आणि दोन खोल्यांत बोलणं आलं. दोघं लहानपणी भांडायची तशी भांडू लागली. वर्तमानपत्र आधी कुणी वाचायचं, साय कुणाच्या कपात गेली, दाराची कडी कुणी लावली नाही. अक्काच्या गालावर थोडं मांस चढलं. महिन्याचे चार महिने झाले, आणि जागेचा विषय दोघांनीही मांजराच्या पावलांनी टाळला.

मग विजेचं बिल आलं.

बिल दर महिन्याला यायचंच, पण अक्का ते दाराशीच घेऊन डब्यामागे सारायची. त्या दिवशी ती रफूची शाल पोचवायला गेली होती आणि बिल तोळामाशाच्या हाती पडलं. आता विजेचं बिल वाचता येणारा माणूस आणि नवऱ्याचं मन ओळखणारी बाई, दोन्ही ऐकून माहीत. पण त्या बिलाच्या कोपऱ्यात मागच्या महिन्यांच्या वापराच्या काळ्या उभ्या पट्ट्या असतात, त्या कुणालाही कळतात. बुटकी, बुटकी, बुटकी, बुटकी. आणि मग एकदम लांब. लांब पट्टी सुरू झाली तो महिना तोळामाशाला पाठ होता. त्याच महिन्यात तो ट्रंक घेऊन आला होता.

अक्काला या बुटक्या पट्ट्यांचा केवढा तोरा होता, हे त्याला माहीत होतं. "आम्ही शंभराच्या आत," असं ती म्हणायची. दुसऱ्या बायका "आमचा पहिला आला" म्हणतात त्या आवाजात. शंभर युनिटांपर्यंत वीज स्वस्त, पुढे महाग, एवढं साऱ्या शहराला ठाऊक. आणि आता तिचं घर शंभराच्या बरंच बाहेर गेलं होतं, आणि ती चार महिने ताकास तूर लागू देत नव्हती.

तोळामाशाने बिल दाराच्या फटीत परत अडकवून ठेवलं आणि ठरवलं. आपण या घरात किती वीज खातो ते काढायचं, आणि खाणं थांबवायचं. ते नाहीच जमलं तर मग खरोखरच जागा बघायची.

त्याची पद्धत साधी होती. काटा तपासताना आधी पारडी रिकामी करतात, काटा शून्यावर आणतात, मग एकेक वजन ठेवतात. मीटर तळमजल्यावर जिन्याखाली होते. प्रत्येक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकायचा. वीज जास्त जाऊ लागली की घाईघाईने, कमी जाऊ लागली की सावकाश. तोळामासा स्टुलावर चढून हातात घड्याळ धरून उभा राहिला, अक्काला वर बटणांपाशी बसवलं, आणि तीन मजल्यांच्या जिन्यातून संवाद सुरू झाला.

"सगळं बंद केलंस?"

"केलं. आता मी पण बंद होऊ का?"

"इस्त्री लाव."

"लावली."

"काढ. पंखा."

"थंडीचा पंखा?"

"लाव गं. काढ. गीझर."

तळमजल्यावरची बाई दार उघडून बाहेर आली. तिला गल्ली दवंडी म्हणायची, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याला दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. तिच्या कानावर गेलेली गोष्ट भाजीवाल्याच्या आधी गल्लीच्या टोकाला पोचायची.

"काका, वीजचोर पकडताय की चोरी करताय?"

"माझंच वजन करतोय," तोळामासा म्हणाला आणि ठिपक्यावरची नजर काढली नाही.

निकाल लागला. इस्त्री लावली की ठिपका वेड्यासारखा नाचत होता, म्हणून इस्त्री पहिली गुन्हेगार. दुसरा गीझर. दिवा आणि पंखा किरकोळ. फ्रिज तर अगदी साधुपुरुष, ठिपक्याला हूं की चूं नाही. तोळामाशाने शिक्षा फर्मावल्या. इस्त्री कपाटावर गेली आणि हा माणूस चुरगळलेल्या सदऱ्यात फिरू लागला. गीझर अक्कापुरता, याची आंघोळ गार पाण्याने, ऐन थंडीत. गार पाणी अंगावर पडलं की तो जो आवाज काढायचा त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे लोक उठायला लागले. आणि वर्तमानपत्र वाचायला तो जिन्यात बसू लागला, कारण जिन्यातला दिवा सगळ्या इमारतीच्या खात्यावर.

तो पायरीवर बसलेला दिसला आणि दवंडीचं सोनं झालं. चार दिवसांत रफूला आलेल्या बाईने अक्काला विचारलं, "भावाला बाहेर काढलंत म्हणे?"

अक्काच्या नाकावर कधी माशी बसलेली नव्हती. ती हातातली सुई तशीच ठेवून जिन्यात आली.

"वर चल."

"पानभर राहिलंय."

"अरे, लोक म्हणतात मी तुला घराबाहेर काढलं."

"लोकांचं काय वजन," तो म्हणाला आणि शिंकला. मग पुन्हा शिंकला. मग तापाने दोन दिवस पडून राहिला, आणि तापातही उशाचा दिवा मालवायला हात लांब करत राहिला. अक्का तो हात धरून पांघरुणात घालायची, तो परत बाहेर यायचा. म्हाताऱ्या माणसाचं तान्हं मूल झालं होतं.

पुढचं बिल आलं. पट्टी जेमतेम नखभर खाली आली होती.

तेव्हा अक्काने त्याला न विचारता वायरमनला बोलावलं. हा वायरमन गोल अंगाचा, कामाला आळशी आणि बोलायला उत्साही होता. पक्कड खिशातून काढायच्या आधी तो चहाची चौकशी करायचा. त्याने तोळामाशाचा सगळा तपास ऐकून घेतला आणि इतका हसला की टेबलावरची रिळं घरंगळली.

"काका, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही."

"माझं वजन चुकलं नाही," तोळामासा ताठ झाला.

"वजन बरोबर हो. पण हा काटा नाही. तुमच्या काट्यावर किलो म्हणजे किलो, क्षणभर ठेवा नाहीतर वर्षभर ठेवा. विजेत तसं नसतं. वजन किती, आणि ते पारड्यात किती वेळ बसलं, दोन्ही धरायचं. इस्त्री जड आहे, पण बसते किती? दोन सदरे होईपर्यंत. आणि तो तुमचा साधुपुरुष," त्याने फ्रिजकडे हनुवटी केली, "तो हलका, पण रात्रंदिवस पारड्यात मांडी घालून. जरा विसावतो, परत सुरू होतो. तुम्ही बघितलंत तेव्हा तो विसावला असणार."

तोळामाशाने डोळे मिटले. वेळ! आयुष्यभर जी गोष्ट हिशेबात धरायची वेळच आली नव्हती, ती हीच.

वायरमनने वर्तमानपत्राचा तुकडा फ्रिजच्या दारात धरून दार लावलं आणि ओढला. तुकडा सुळकन बाहेर आला. "बघा, दाराचं रबर गेलंय. दात पडलेलं तोंड हे. गारवा सगळा बाहेर, म्हणून बिचाऱ्याला विसावा कमीच. रबर बदलू."

"म्हणजे फ्रिजमुळे झालं सगळं," अक्का पटकन म्हणाली. "याच्यामुळे नाही."

इथे वायरमनने चहा पिऊन गप्प बसायला हवं होतं. पण बोलका माणूस आणि उतू जाणारं दूध, झाकण ठेवून थांबत नाही.

"तसं म्हणजे, फ्रिज आधीही खातच होता की, अक्का. भांडं काठोकाठ भरलेलंच होतं तुमचं. काका आले आणि वाहिलं. एका माणसाची आंघोळ, एक पंखा, एक दिवा. शंभराच्या वर गेलात की वरच्या युनिटांना भाव दुपटीहून जास्त. वरच्यांनाच हं. लोकांना वाटतं, एकशे एकावं आलं की सगळ्यांचाच भाव वाढला. तसं नाही. खालची शंभर स्वस्तच राहतात."

"म्हणजे जो शेवटी आला, त्याचं महाग," तोळामासा हळूच म्हणाला.

"बरोबर," वायरमन म्हणाला, आणि शाबासकीच्या सुरात म्हणाला. नशीब, की अक्काच्या हातात तेव्हा इस्त्री नव्हती.

रबर बसलं. अक्काने इस्त्री कपाटावरून उतरवली आणि गीझर परत दोघांचा केला. पुढच्या महिन्याची पट्टी खूपच बुटकी आली. शंभराच्या जेमतेम वर डोकं काढलेली. अक्का बिल नाचवत घरात आली. या खेपेला तिने ते डब्यामागे सारलं नाही, भावाच्या मांडीवर ठेवलं.

"झालं ना समाधान?"

त्याने बराच वेळ पाहिलं. "थोडे अजून वर आहेत."

"असू देत. चार-दोन आहेत."

"ते चार-दोन माझे, अक्का. तुझं घर शंभराच्या आत होतं. मी शेवटी आलो. वरचे महागातले जे आहेत ते सगळे माझेच." मग त्याने घसा साफ केला. "लाकडाच्या वखारीत जागा आहे मागे. मालक जुनं गिऱ्हाईक. त्यांचा मोठा काटा मीच सांभाळायचो. म्हणाला, येऊन राहा, राखणही होईल. परवा जातो."

अक्काने सुईत दोरा ओवला, तो बरोबर गेला आहे हे दिसत असूनही पुन्हा काढला आणि पुन्हा ओवला. या बाईने उभ्या जन्मात कुणाला "राहा" असं म्हटलेलं नव्हतं. मुलगी सासरी गेली तेव्हाही तिने फक्त बॅगेची साखळी तपासली होती. तोळामाशाला हे माहीत होतं. पण माहीत असलेलं वेळेवर आठवेल तर तो भाऊ कसला.

दुसऱ्या दिवशी तो ट्रंक भरत होता. अक्का दारात येऊन उभी राहिली.

"तुला कोणी सांगितलं, वरचे तुझे म्हणून?"

"मी शेवटी आलो ना."

"घरात शेवटी आलास. महिन्यात नाही."

तोळामाशाने सदऱ्याची घडी घालता घालता मान वर केली.

"मीटर वाचणारा येऊन गेला की पाटी कोरी होते ना?" अक्का म्हणाली. "परत एकपासून सुरुवात. मग त्या कोऱ्या पाटीवर पहिला हात कोणाचा? तू अंधारात उठतोस. दिवा तू लावतोस, दुधासाठी फ्रिज तू उघडतोस, गीझर तू लावतोस. मी उठते तेव्हा तुझं अर्धं झालेलं असतं. पहिले युनिट तुझे. स्वस्तातले. संध्याकाळी दिव्याखाली बसते ती मी. वरचे माझे." तिने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. "मग मी जाऊ का वखारीत?"

"असं नसतं, अक्का. रोज सकाळी माझे, मग तुझे, मग परत माझे. महिनाभर सरमिसळ होते."

"होते ना सरमिसळ?"

"होते."

"मग त्या सरमिसळीतून तू तुझे वेगळे कसे काढलेस? तेही नेमके वरचे?"

तोळामासा घडी घातलेला सदरा हातात धरून उभा राहिला. शेवटी आलेलं वजन पारडं झुकवतं, हे खरं. पण पारड्यात बसलेल्या वजनांतलं शेवटचं कोणतं, हे ठेवताना ज्याने पाहिलं तोच सांगणार. नुसत्या काट्याकडे बघून ते सांगता येत नाही. अक्काने त्याला त्याच्याच धंद्यात पकडलं होतं. त्याने सदरा ट्रंकेत ठेवला, परत काढला.

"विचार करतो," तो म्हणाला. "पुढचं मीटर वाचून होईपर्यंत राहतो."

"तुझी मर्जी," अक्का म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटली. भांडी आपटण्यातही प्रकार असतात. दवंडीने तळमजल्यावरून ऐकून सांगितलं, की आज अक्का खुशीत आहे.

मीटर वाचणारा आला, फोनवर फोटो काढून गेला. पाटी कोरी झाली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी तोळामासा बाहेरून आला तर टेबलापाशी खुर्ची रिकामी. अक्का खिडकीच्या दगडावर टेकून बसली होती, भिंतीवरून परतून येईल तेवढ्या उजेडात कुणाचा तरी राखाडी कोट अगदी नाकापाशी धरून. सुई टोचायची, उसवायची, परत टोचायची. शेजारी उसवलेल्या धाग्यांचा गुंता पडला होता. रफूत तिचा टाका चुकलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

"दिवा गेला का?"

"नाही."

"मग?"

अक्काने मान वर केली नाही. "तुझे आधी जाऊ देत थोडे दिवस. स्वस्तातले. माझे मागून येतील, घाई काय आहे."

तोळामाशाने शेकडो दुकानदारांचे काटे पाहिले होते. माल तोलताना पारड्याला करंगळी लावणारे त्याला लांबून ओळखू यायचे. गल्ल्यामागची ती करंगळी प्रत्येक वेळी दुकानदाराच्याच बाजूने दाबलेली असायची. समोरच्याच्या बाजूने दाबलेली करंगळी तो आज, या वयात, पहिल्यांदा बघत होता. आणि ती दाबण्यासाठी ही बाई डोळे फोडून घेत होती.

तो चपला काढण्यात फार वेळ घालवत राहिला.

मग तो टेबलापाशी गेला आणि त्याने दिव्याचं बटण दाबलं.

"बंद कर."

"का? मी लावलाय. हा माझ्या खात्यात."

"काम माझं आणि दिवा तुझ्या खात्यात?"

"बटण कुणी दाबलं?"

"उद्या म्हणशील, फ्रिजही तुझ्या खात्यात."

"दार मी जास्त उघडतो. तूच म्हणालीस."

"मग माझ्या खात्यात काय राहिलं रे?"

"बडबड," तो म्हणाला. "तिला वीज लागत नाही. ये इकडे, कोट घेऊन."

अक्का उठली. उठताना गुडघा धरून हसली, आणि हसणं दिसू नये म्हणून खोकली. खुर्चीत बसून तिने कोट उजेडात धरला आणि स्वतःचेच टाके बघून "शी" म्हणाली. तोळामाशाने स्टूल ओढून तिच्याशेजारी घेतलं, कोटाची बाही दोन्ही हातांनी ताणून धरली, रफूला हवी तशी, ना सैल ना घट्ट.

"वखारवाल्याला काय सांगणार?" तिने सुई घालत विचारलं.

"सांगतो, डास फार आहेत तिथे."

"तू गेलास कधी रात्रीचा?"

"लाकडं आहेत म्हणजे असणारच."

"असणारच," अक्का म्हणाली. "बाही खाली घे जरा. तुझ्या डोक्याची सावली पडतेय."